वाहनदानापुढचा हिशेब

लोकार्पणाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा असतात, दर्शनी भागावर दात्याचे नाव झळकत असते. दोन-तीन वर्षांनी तीच गाडी संस्थेच्या आवारात झिजलेल्या टायरांवर उभी असल्याचे अनेकदा आढळते. विम्याची मुदत संपलेली असते आणि चालक अधिक पगाराच्या नोकरीवर गेलेला असतो. दात्याच्या भावनेत उणीव नसते. ती नियोजनात असते. दुकान थाटणारा व्यापारी खेळते भांडवल आधी बाजूला काढतो. दानाच्या वेळी मात्र हा व्यवहार विसरला जातो. गाडी एकदा घ्यावयाची असते. तिचा खर्च रोजचा असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात या उणिवेची किंमत प्रामुख्याने शाळकरी मुली मोजतात. शिक्षणहक्क कायद्याच्या राज्य नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी लागते. नववीपासून ही हमी उरत नाही. शाळा मोठ्या गावी असते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीने हे अंतर पुष्कळ कमी केले. बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र बसगाड्याही आहेत. परंतु शाळेच्या वेळेस गाडीच नसेल, तर पास दप्तरातच राहतो. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२पर्यंत लांबलेल्या संपात खेड्यांनी हे अनुभवले. सायंकाळी परतण्याची सोय नसल्यास पालक प्रथम मुलीचीच शाळा थांबवितात.

म्हणून पहिले पाऊल खर्चाचे नसून अर्जाचे असावे. ग्रामपंचायतीचा ठराव आणि विद्यार्थ्यांची यादी घेऊन आगारप्रमुखांकडे फेरीची किंवा वेळ बदलण्याची मागणी करावी. एसटी जेथे पोहोचते, तेथे समांतर गाडी चालविणे हा पैशाचा अपव्यय होय. समाजाची गाडी वाडीपासून फाट्यापर्यंत, म्हणजे एसटी पोहोचत नाही तेथे हवी.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. रोज ८० किलोमीटर, लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरल्यास दिवसाचे ७२० रुपये होतात. शाळेच्या २२० दिवसांचे १,५८,४०० रुपये झाले. चालकाचा दरमहा १५,००० प्रमाणे वार्षिक पगार १,८०,०००. विमा, टायर, दुरुस्ती आणि कर यांसाठी १,००,०००. एकूण ४,३८,४०० रुपये, म्हणजे शाळेच्या एका दिवसामागे सुमारे २,००० रुपये.

एवढी रक्कम एका घराने दरवर्षी देणे कठीण. एका दिवसाची देणे अनेकांना शक्य आहे. भोजनशाळेच्या कायमी तिथीची प्रथा समाजाला परिचित आहे. तीच येथे लागू करता येईल. एका तिथीस ४०,००० रुपये घेऊन सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला २,८०० रुपये मिळतात. २,००० रुपये त्या दिवसाच्या खर्चास, उरलेले ८०० महागाईच्या तरतुदीसाठी मुदलात. वडिलांच्या पुण्यतिथीस किंवा नातीच्या वाढदिवसास मुली शाळेत पोहोचतात, याहून अर्थपूर्ण स्मरण कोणते?

कायद्याची बाजूही सांभाळावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाडे घेऊन चालविता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवाना लागतो. परवान्याविना अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईवर हरकत घेऊ शकते. शाळेच्या गाडीसाठी राज्याची २०११ची स्वतंत्र नियमावली आहे. तिच्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी, कारण २,००० रुपयांवरील रोख देणगीस आयकरात वजावट मिळत नाही.

निधीचे खाते स्वतंत्र असावे, त्यातील मुदलास हात लावू नये आणि इंधनाची नोंदवही दरमहा तपासली जावी. वर्षअखेरीस दात्यांना किती दिवस गाडी धावली आणि किती मुली नियमित शाळेत गेल्या, हे कळविले जावे. गाडीवरील नावाचा रंग काही वर्षांत उडतो. दानाचे मोल मात्र गाडी किती दिवस धावली, यावरच ठरते.