आकडा जरा मोठा वाटतो

हळदीच्या हंगामात परगावचा नवा खरेदीदार सांगलीच्या मार्केट यार्डात येई आणि अडत्याकडे उधारीवर माल मागे, तेव्हा अडत्यापुढे एकच प्रश्न असे : या माणसाची पत किती? ओळखीच्या पेढीवर विचारावे, तर उत्तर मिळे, ‘‘माणूस चांगला आहे, पण जरा जपून.’’ त्या ‘पण’मध्ये सारे काही सांगून होई आणि बोलणाऱ्याच्या अंगाला काहीच लागत नसे. लेकी बोले सुने लागे, ही तर घरोघरची रीत. बाजार तिला अपवाद कसा असणार?

दुसरा मार्ग बँकेचा. अडत्याची बँक खरेदीदाराच्या बँकेला गोपनीय पत्र लिही आणि तेथून इंग्रजीत दोन ओळींचा अभिप्राय येई. या ओळींचे एक स्वतंत्र व्याकरणच होते. ‘अनडाउटेड’ म्हणजे निःशंक. याहून मोठी शिफारस नाही. ‘कन्सिडर्ड गुड’ म्हणजे चांगला समजला जातो. कोण समजतो, हे कर्मणी प्रयोगात अलगद झाकले जाई. ‘शुड प्रूव्ह गुड’ म्हणजे चांगला ठरायला हरकत नाही. येथे पायरी उतरली. आणि ‘अनेबल टु स्पीक’ म्हणजे आपण विचारलेल्या रकमेबाबत बोलण्यास असमर्थ! शब्दांत निंदा नाही, तरी वाचणारा सौदा मोडून मोकळा होई.

ही भाषा आपल्या बँकांना वारशाने मिळाली ती इंग्लंडकडून, आणि ती किती निसरडी आहे याचा धडाही तिकडचाच. हेडली बर्न ही लंडनची जाहिरात संस्था इझीपॉवर या ग्राहक कंपनीसाठी स्वतःच्या जबाबदारीवर जाहिरातींचे व्यवहार करीत असे. १९५८ साली तिने आपल्या बँकेमार्फत इझीपॉवरच्या बँकेला, म्हणजे हेलर यांना, विचारले : वर्षाला एक लाख पौंडांच्या व्यवहारास ही कंपनी योग्य आहे का? उत्तराचा भावार्थ असा होता की, कंपनी नेहमीच्या व्यवहारास चांगली समजली जाते. आपला आकडा मात्र आमच्या नेहमीच्या पाहण्यातल्या आकड्यांहून मोठा आहे. जाणत्या बँकरने त्यातला नकार ओळखला असता. हेडली बर्नने होकार वाचला आणि १७,००० पौंडांहून अधिक रक्कम गमावली. १९६३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निष्काळजी अभिप्रायाबद्दल भरपाई मागता येते, हे तत्त्व मान्य केले. परंतु पत्राच्या माथ्यावर ‘जबाबदारी न घेता’ असे लिहिलेले असल्याने बँक सुटली.

अभिप्राय खरा असला म्हणजे दोष उरत नाही, असेही नाही. १९२४ सालच्या टूर्निए खटल्यात बँकेच्या अधिकाऱ्याने खातेदाराच्या मालकाला सांगितले की, याचे पैसे शर्यतीच्या जुगाराकडे जातात. खातेदाराची नोकरी पुढे चालू राहिली नाही. तेथे न्यायालयाने बँकेवर गुप्ततेचे बंधन असल्याचे स्पष्ट केले. श्रावकांना हा विचार नवा वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटा दस्त करणे आणि ठेव बुडविणे यांच्याच पंक्तीला रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याची एकांतातील गोष्ट उघड करणे, आणि साकारमंत्रभेद, म्हणजे हावभावांवरून दुसऱ्याच्या मनातले ओळखून ते फोडणे, यांना बसविले आहे. फोडलेली गोष्ट खरी होती, हा तेथे बचाव नाही.

काळाचा खेळ असा की, दुसऱ्याची पत सांगणाऱ्या बँकांचीच पत एके दिवशी चर्चेचा विषय झाली. १९३६ साली स्थापन झालेल्या साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये ‘मोरॅटोरियम’ आला आणि १०,००० रुपयांहून अधिक रक्कम काढता येईना. इतक्या गुळगुळीत इंग्रजी शब्दाचा अर्थ ठेवीदारांना काउंटरसमोरच्या रांगेत कळला. ऑक्टोबरमध्ये ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. १९१६ सालची सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली.

आता त्या दोन ओळींची जागा बहुतांशी ३०० ते ९०० मधल्या एका आकड्याने घेतली आहे. आकडा आडून बोलत नाही, हे खरे. पण हंगाम बुडाल्यामुळे हप्ता थकला की नियतच नव्हती, हेही तो सांगत नाही. एक फरक मात्र मोठा आहे. पूर्वी ज्याच्याविषयी पत्र जाई, त्याला ते सहसा दिसत नसे. सौदा का मोडला, हे त्या परगावच्या खरेदीदाराला कळायला मार्गच नव्हता. २००५ च्या पतमाहिती कायद्याने स्वतःचा अहवाल पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला, आणि २०१७ पासून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तक्रार ३० दिवसांत निकाली न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. अशा चार कंपन्या देशात असून चौघींकडे अहवाल स्वतंत्रपणे मागवावा लागतो.