समीकरणाची रीत व शेतीचा हिशेब

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यास हिशेब येत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आढळतात; परंतु ते आम्हास मान्य नाही. पावकी-निमकी व त्रैराशिक यांच्या बळावर आपल्या वाडवडिलांनी जन्मभर व्यवहार केले. पुढे शेर-मण जाऊन क्विंटल आले, सातबाऱ्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. तरी कोणाचे अडले नाही. मात्र काही प्रश्न असे असतात की, तेथे त्रैराशिक लागू पडत नाही, आणि अंदाजाने काढलेले उत्तर खरे भासून खोटे निघते. अशा ठिकाणी समीकरणाची रीत फार उपयोगी पडते. ती शिकण्यास दोन संध्याकाळी पुरेत.

प्रथम वाटणीचे उदाहरण घेऊ. महसूल खात्यात कारकुनी करीत असता असले कागद आम्ही पुष्कळ पाहिले. समजा, दोघा भावांची मिळून जमीन ३ हेक्टर २० आर, म्हणजे ३२० आर आहे. थोरल्याने विहिरीचा खर्च सोसला, यास्तव त्यास धाकट्यापेक्षा ४० आर अधिक द्यावे, असे चार माणसांसमक्ष ठरले. पुष्कळ जण लागलीच ३२० चे निम्मे १६० करितात, थोरल्याच्या वाट्यात ४० मिळवितात, धाकट्याच्या वाट्यातून ४० वजा करितात, आणि २०० व १२० असे वाटे लिहितात. दिसावयास हे सरळ दिसते. परंतु २०० व १२० यांत अंतर ४० चे नसून ८० चे आहे. धाकट्याची २० आर, म्हणजे सुमारे अर्धा एकर जमीन, कोणाच्याही मनात कपट नसता, केवळ आकडेमोडीत जाते. पुढे हे त्याच्या ध्यानी आले की, भावाभावांत बोलणे बंद होते.

आता हाच प्रश्न समीकरणाने सोडवू. जे ठाऊक नाही त्यास एक नाव द्यावे. धाकट्याचा वाटा 'य' आर मानू. तर थोरल्याचा वाटा य + ४० झाला. दोहोंची बेरीज ३२० पाहिजे, म्हणून

य + य + ४० = ३२०

समीकरण म्हणजे तराजू होय. एका पारड्यातून जे काढावे, तेच दुसऱ्यातूनही काढावे, म्हणजे दांडी समतोल राहते. दोहोंकडून ४० काढले असता २य = २८० राहते; दोन्ही बाजूंस २ ने भागिले असता य = १४०. धाकट्यास १ हेक्टर ४० आर, थोरल्यास १ हेक्टर ८० आर. बेरीज ३२०, अंतर ४०. ताळा जुळला.

दुसरे उदाहरण हळदीच्या विक्रीचे. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. वाचकांनी त्या त्या दिवसाचे भाव घालावे. घरी येऊन माल नेणारा व्यापारी क्विंटलास ११,६०० रुपये देतो. वसमतच्या बाजारात भाव १२,००० आहे. परंतु हमाली-तोलाई क्विंटलामागे ५० रुपये जाते, आणि टेंपोचे भाडे, माल थोडा असो वा पुष्कळ, २,८०० रुपये पडते. माल किती असला म्हणजे बाजारात नेणे परवडेल? येथे त्रैराशिक चालत नाही, कारण भाडे मालाच्या प्रमाणात वाढत नाही. दोन्हीकडे सारखेच रुपये हाती येतील असा माल 'य' क्विंटल मानू. मग

११,६००य = ११,९५०य − २,८००

दोन्ही बाजूंत २,८०० मिळवून व ११,६००य वजा करून ३५०य = २,८०० होते; म्हणून य = ८. आठ क्विंटलांहून कमी माल असता घरीच विकावा, अधिक असता बाजारात न्यावा. पाच क्विंटल माल एकट्याने नेणारास १,०५० रुपये तोटा येतो. पण शेजाऱ्याचे पाच क्विंटल त्याच टेंपोत घातले, तर दोघांस मिळून ७०० रुपये नफा राहतो.

तिसरे उदाहरण खताचे. एका शेतास ४६ किलो स्फुरद व ८० किलो नत्र द्यावयाचे आहे. ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत स्फुरद २३ किलो व नत्र ९ किलो असते. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र २०.७ किलो असते. स्फुरदासाठी डीएपीच्या दोन गोण्या लागतात. त्यांतूनच १८ किलो नत्र मिळते, हे विसरून पुष्कळ जण युरियाच्या चार गोण्या आणितात. युरियाच्या गोण्या 'य' मानल्या, तर १८ + २०.७य = ८०; म्हणजे २०.७य = ६२, व य सुमारे ३. एका गोणीचा पैसा वाचतो, आणि पिकास नत्रही अधिक होत नाही.

ही विद्या परकी आहे, असे कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ रचिला. त्याच्या बीजगणित या भागात अज्ञात राशीस 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढे असेल तेवढे', असे म्हटले असून ते 'या' या आद्याक्षराने लिहिण्याचा प्रघात होता. आमचा 'य' त्याच 'या'चा वंशज समजावा.

तात्पर्य, अज्ञातास नाव द्यावे, अट पूर्ण वाचून दोन्ही पारडी मांडावी, उभय बाजूंस सारखीच क्रिया करावी, आणि आलेले उत्तर मूळ अटीत घालून ताळा पाहावा. यांपैकी शेवटले काम बहुधा टाळले जाते, व नुकसानही तेथेच होते. वाटणीपत्रावर वा सौदापावतीवर सही करण्यापूर्वी पाठकोऱ्या कागदावर एवढे चार ओळींचे गणित करण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून ते तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.