पुणे–बेंगळुरू : आकाशातले अंतर आणि जमिनीवरचे

बदलीच्या नोकरीत नवी गावे लाभतात, तसे आपल्या गावी परतण्याचे हिशेबही नव्याने शिकावे लागतात. २००७ साली माझी बदली पुण्याहून बेंगळुरूला झाली, तेव्हा हा हिशेब सोपा होता. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानतळ शहरातच असल्याने जयनगरच्या घरातून दोन तास आधी निघाले तरी विमान निवांत मिळत असे.

पुणे–बेंगळुरू रस्ता सुमारे ८४० किलोमीटरचा. सरळ हवाई अंतर सव्वासातशेच्या आसपास. जेट विमान उंचीवर ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. या हिशेबाने तासाच्या आत पोहोचायला हवे. पण वेळापत्रक साधारण दीड तास दाखवते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा हा काळ असतो. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, उड्डाणाच्या परवानगीची प्रतीक्षा, चढतानाचा आणि उतरतानाचा कमी वेग हे सारे त्यात आले. शिवाय बेंगळुरूच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि पुण्याचे विमान येते वायव्येकडून. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरवतात. त्यामुळे पश्चिमेचा वारा असला, की त्याला पूर्वेकडे जाऊन मागे वळावे लागते. हिवाळ्यातील पहाटेच्या धुक्याची गोष्ट तर निराळीच!

मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि जुन्या विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक थांबली. गंमत अशी, की देवनहळ्ळी शहराच्या उत्तरेला असल्यामुळे पुण्याचे हवाई अंतर वीसेक किलोमीटरने कमीच झाले. जयनगरहून विमानतळ मात्र चाळीस किलोमीटरवर गेला, आणि तोही अवघे शहर ओलांडून. या चाळीस किलोमीटरांची नोंद तिकिटावर कोठेच नसते.

२००९ च्या पावसाळ्यात पुण्यात वडिलांची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळच्या विमानाचे तिकीट काढले होते. कार्यालयातील काम आवरता आवरता, जुन्या सवयीने, दोनच तास हाताशी ठेवून निघालो. हेब्बाळच्या अलीकडेच पाऊस आणि वाहनांच्या रांगांनी गाठले. विमानतळावर पोहोचलो तेव्हा विमान धावपट्टीकडे निघालेले होते. रात्र तेथील खुर्चीवर काढली आणि सकाळच्या पहिल्या विमानाने पुण्याला गेलो. रुग्णालयात पाऊल टाकले, तोवर वडिलांना आत नेले होते. आई बाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर त्यांनी क्षीण आवाजात विचारले, ‘‘काल विमानाला उशीर झाला का रे?’’

विमान अगदी वेळेवर सुटले होते.