शंभरात किती खरं वाटतं?

सकाळी ७:३०

पहिलं काम फोनचं, आणि प्रश्न एकच: काल रात्री झोप लागली का? स्किझोफ्रेनिया उलटण्याआधी बहुतेकदा झोप बिघडते, भास मागाहून वाढतात. म्हणून घरच्यांना मी हेच आधी शिकवते. लागोपाठ दोन रात्री डोळा लागला नाही, तर माझ्या फोनची वाट पाहायची नाही, डॉक्टर गाठायचे. मी मानसशास्त्रज्ञ आहे, औषध लिहून देत नाही. या आजारात गोळ्यांचा पाया लागतोच. नुसत्या बोलण्यावर गोळ्या सुटतील असं सांगणाऱ्या माणसांपासून मी माझ्या रुग्णांना लांब ठेवते.

९:३०

चिंचणीपासून वरोर, वाढवणपर्यंतच्या किनारी गावांत घराघरांत डाय बनवतात. दागिने ज्यांवर ठोकून घडवतात, ते हे पोलादी साचे. आजच्या पहिल्या घरातला तरुण असाच कारागीर. (इथल्या सगळ्यांच्या खुणा मी बदलल्या आहेत.) आजार बळावला आणि त्याने छिन्नी-हातोडा ठेवून दिला. शेजारी आपल्याबद्दल बोलतात, "कामचोर" म्हणतात, असं त्याला ऐकू येतं.

घरातले त्याला रोज सांगतात, "असं काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत." त्याने तो आणखी एकटा पडतो. मी तसं म्हणत नाही. "हो, बोलतात" असंही म्हणत नाही. विचारते, "शेजारी बोलतात याची खात्री शंभरात किती?" पहिल्या भेटीत त्याचं उत्तर शंभर होतं. आज तो थोडा थांबून म्हणतो, "साठ."

हे चाळीस माझ्या युक्तिवादाने कमी झालेले नाहीत. त्याने वही ठेवली: आवाज कधी आला, तेव्हा मी काय करत होतो, किती मोठा होता. वही भरत गेली तशा दोन गोष्टी त्याच्याच ध्यानात आल्या. शेजारी बोईसरला ड्युटीवर गेलेले असतानाही आवाज येतात. आणि हातात कानस असली की ते जवळजवळ येतच नाहीत. मग आम्ही ठरवलं की आवाज आला की मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं आणि बहिणीबरोबर बसून ऐकायचं. आज ते ऐकलं. हातोड्याची ठकठक, कावळा, दुरून जाणारी मोटारसायकल.

"फोनमध्ये आलं नाही ताई, पण मला आलं होतं."

"तुला आलं हे खरंच आहे," मी म्हणते. "कुठून आलं, ते आपण शोधतोय."

मग खरं दुखणं बाहेर येतं. "कामचोर" हा शब्द आधी कोण वापरायचं, हे मी विचारते. तो बराच वेळ पायाकडे बघत राहतो. आजारापूर्वी, ऑर्डर वेळेत पूर्ण झाली नाही की वडील म्हणायचे. आता वडील नाहीत. उरलेला वेळ आम्ही या एका शब्दावर घालवतो. तो कामचोर आहे की नाही, याचा पुरावा कपाटात पडून आहे: त्याने कोरलेले जुने डाय. तो उठून एक काढतो, फडक्याने पुसतो आणि मला त्यातली बारीक नक्षी समजावून सांगतो.

ही पद्धत नवी नाही. अ‍ॅरन बेक यांचं नाव नैराश्यावरच्या उपचारामुळे गाजलं, पण आपल्यावर सरकारी हेरांची पाळत आहे असं मानणाऱ्या एका तरुणावर बोलून केलेल्या उपचाराची हकिगत त्यांनी १९५२ सालीच छापली होती. पुढे १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये यावर पद्धतशीर काम झालं, आणि तिथल्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना औषधांच्या जोडीला किमान १६ बैठका सुचवतात. परिणाम माफक असतो, चमत्कार होत नाही. आवाज राहूनही त्यांचा धाक कमी झाला, तर माणूस कामावर परततो. माझ्यासाठी तेवढं मोठं आहे.

१२:००

दुसऱ्या घरी भास नाहीत, पण सगळं थांबलेलं आहे. बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून असते. सासू म्हणते, "बाय, ही आळशी झालीय." तो आळस नाही, आजाराचाच भाग आहे, हे मी पुन्हा सांगते. "मला जमणारच नाही" या विचाराला इथे कामानेच उत्तर द्यावं लागतं. या आठवड्याचं काम: जावेबरोबर मासळीबाजारापर्यंत जायचं. विकत काही घ्यायचं नाही, फक्त जाऊन यायचं.

२:३०

आशा सेविकांची बैठक. सोळा बैठका म्हणजे इथे सोळा बुडालेल्या मजुऱ्या. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, पण इथून रिक्षाने वाणगाव, मग लोकल, असा सगळा दिवस जातो. म्हणून उपचार गावात यायला हवा. गोवा, सातारा आणि तामिळनाडूत २८२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात मानसशास्त्राची पदवी नसलेले, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर गेले. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारापेक्षा त्या रुग्णांची लक्षणं आणि परावलंबन थोडं अधिक कमी झालं. या बायकांना मी तेच सांगते: तुम्ही हे करू शकता. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकीच्या वहीत लिहून घेते.

४:३०

पाड्यावरचं घर. भगताकडे उतारा ठरला आहे. मी विरोध करत नाही. त्या घराला धीर तिथूनच मिळतो. दोनच अटी घालते: मारहाण, साखळी, उपास काही नाही, आणि त्या दिवशीही गोळी चुकवायची नाही. आजोबा मान डोलावतात. भगतालाही निरोप देतो म्हणतात.

७:१५

सकाळच्या तरुणाच्या मोठ्या भावाचा फोन. "मॅडम, आता सुधारतोय. लग्न लावून दिलं तर पूर्ण बरा होईल का?"

लग्न हे औषध नाही, मी स्पष्ट सांगते. त्याला स्वतःला करायचं असेल तर जरूर करावं, पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना आजार आणि गोळ्या आधी सांगायच्या. लपवून केलं तर लग्नानंतर गोळ्याही लपवाव्या लागतात, मग त्या बंद पडतात, आणि दोघांचंही नुकसान होतं.

तो काही वेळ बोलत नाही. मग विचारतो, "त्याला विचारलंच नाही आम्ही. शनिवारी सगळे घरी आहेत. तुम्ही याल का?"

शनिवारी अकराची वेळ लिहून घेतली.