विश्लेषण : वेबपानाचा ‘सोर्स कोड’ पाहणे हे हॅकिंग? अमेरिकेतील राज्यांचे संगणक कायदे काय सांगतात?

अमेरिकेतील मिसुरी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर माइक पार्सन यांनी १४ ऑक्टोबर २०२१ रोजी पत्रकार परिषद घेतली आणि एका वार्ताहराला थेट ‘हॅकर’ ठरवले. त्याच्यावर खटला भरण्याचा इशाराही दिला. या वार्ताहराने ना कुणाचा पासवर्ड चोरला होता, ना कुठल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी केली होती. सरकारी संकेतस्थळावरील त्रुटी शोधून त्याने ती सरकारलाच कळवली होती. तरीही प्रकरण पोलीस तपासापर्यंत गेले. याचे कारण राज्याच्या संगणक गुन्हे कायद्यात दडलेले आहे.

नेमके काय घडले?

मिसुरीच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर शिक्षकांची पात्रता तपासण्याची सोय होती. नाव टाकले की माहिती दिसे. ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’ या दैनिकाच्या वार्ताहराने त्या पानाचा सोर्स कोड उघडला. कुठल्याही संगणकावर ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडले की हा कोड दिसतो. तो वाचकाच्या संगणकावर आधीच उतरलेला असतो. त्यात शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही आले होते. अमेरिकेत बँक खाते, कर्ज, प्राप्तिकर अशा सगळ्याच ठिकाणी लागणारा हा नऊ आकडी क्रमांक म्हणजे साधारण आपल्या आधारसारखाच. तो चुकीच्या हाती पडला तर कुणीही दुसऱ्याच्या नावे कर्ज काढू शकतो. एक लाखाहून अधिक क्रमांक असे उघडे पडले असावेत, असा दैनिकाचा अंदाज होता.

वार्ताहराने तीन शिक्षकांशी बोलून क्रमांक खरे असल्याची खात्री केली, विभागाला कळवले आणि दुरुस्ती होईपर्यंत बातमी रोखून धरली. विभागाची पहिली प्रतिक्रियाही योग्यच होती. त्रुटी लक्षात आणून दिल्याबद्दल माध्यम प्रतिनिधीचे आभार मानणाऱ्या निवेदनाचा मसुदा तयार झाला होता, हे नंतर उघड झालेल्या ईमेलमधून समजले. हा प्रकार म्हणजे संगणक जाळ्यातील घुसखोरी नाही, असे ‘एफबीआय’नेही राज्याला सांगितले होते. पण प्रत्यक्षात आभाराऐवजी आरोप झाला. वार्ताहराने ‘अनेक टप्प्यांच्या प्रक्रियेतून’ कोड उलगडून माहिती मिळवली, असे गव्हर्नरांचे म्हणणे होते. क्रमांक कोडमध्ये साध्या आकड्यांत नव्हते, हे खरे. मात्र त्यांना कुलूपही नव्हते. कुणालाही सहज उलगडता येईल अशा रूपात ते लिहिलेले होते.

मग गुन्हा कोणत्या कायद्याखाली?

मिसुरीच्या दंडसंहितेत संगणकीय माहितीशी छेडछाड करण्याविरुद्धचे कलम आहे, ५६९.०९५. जाणूनबुजून, परवानगीविना किंवा परवानगी आहे असे मानण्यास वाजवी कारण नसताना संगणक वापरून दुसऱ्या व्यक्तीची माहिती हेतुपुरस्सर ‘तपासणे’ हाही त्यानुसार गुन्हा ठरतो. माहिती चोरलीच पाहिजे, विकली पाहिजे किंवा नुकसान झाले पाहिजे, अशी अट नाही. साध्या प्रकरणात वर्षभरापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. संकेतस्थळाने ही माहिती पाहण्याची परवानगी दिली नव्हती, असा युक्तिवाद गव्हर्नरांनी केला. पण जे पान सरकारनेच जगासाठी खुले केले, त्याच्या कोडसाठी वेगळी परवानगी कुणाकडे आणि कशी मागायची, याचे उत्तर त्या युक्तिवादात नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल काउंटीच्या सरकारी वकिलांनी आरोप ठेवण्यास नकार दिला. वार्ताहर सुटला. मात्र सरकारी वकिलांनी निवेदनात कायद्याचा भंग झाला असा युक्तिवाद करता येऊ शकतो, हेही नोंदवले. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटल्याने पुढे जायचे नाही, एवढाच त्यांचा निर्णय होता. म्हणजे सुटका मिळाली ती सरकारी वकिलाच्या विवेकामुळे, कायद्याच्या शब्दांमुळे नव्हे. पोलिसांच्या तपास अहवालातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. ही त्रुटी २०११ पासून होती आणि तब्बल ५ लाख ७६ हजार शिक्षकांचे क्रमांक धोक्यात होते. दहा वर्षे ती कुणी कळवली नाही आणि ज्याने कळवली त्याच्याच मागे पोलीस लागले.

राज्यांनी असे कायदे केलेच का?

सुरुवात फ्लोरिडापासून झाली. मायामीतील फ्लॅगलर डॉग ट्रॅक येथे कुत्र्यांच्या शर्यतींवर सट्टा चाले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी १९७०च्या दशकात संगणकाचा वापर करून विजेत्यांची बनावट तिकिटे छापल्याचे उघड झाले. चोरीचे जुने कायदे वस्तू उचलून नेण्याभोवती रचलेले. इथे तर फक्त नोंदी बदलल्या होत्या. म्हणून १९७८ मध्ये फ्लोरिडाने स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी ॲरिझोनानेही केला. केंद्राचा, म्हणजे अमेरिकी काँग्रेसचा ‘कॉम्प्युटर फ्रॉड अँड अब्यूज ॲक्ट’ आला १९८६ मध्ये. आज पन्नासही राज्यांत असे कायदे आहेत. संगणक म्हणजे खोलीभर यंत्र आणि ते वापरणारे मोजके कर्मचारी, अशा काळात यातील बऱ्याच कायद्यांची भाषा ठरली. तेव्हा ‘परवानगी’ म्हणजे काय, हा प्रश्न फारसा पडत नव्हता. खोलीची किल्ली कुणाकडे आहे, एवढे पाहिले की पुरे.

एकच कृती, वेगवेगळे निकाल?

वॉशिंग्टन राज्याने २०१६ मध्ये कायदा नव्याने लिहिला. तिथे ‘परवानगीविना’ म्हणजे जाणूनबुजून तांत्रिक अडथळा ओलांडून आत शिरणे. जो अडथळा प्रत्यक्षात कुणाला रोखतच नाही, तो ओलांडणे गुन्ह्यात मोडत नाही. शिवाय सद्हेतूने केलेले सुरक्षा संशोधन स्पष्ट शब्दांत वगळले आहे. मिसुरीतील वार्ताहर तिथे असता, तर पत्रकार परिषदेची वेळच बहुधा आली नसती.

न्यू यॉर्कमध्ये आपल्याला परवानगी नाही हे आरोपीला माहीत होते किंवा तशी स्पष्ट सूचना त्याला मिळाली होती, हे सिद्ध करावे लागते. कॅलिफोर्नियाच्या कलम ५०२ चा भर आत शिरण्यापेक्षा परवानगीविना माहिती घेणे, तिची नक्कल करणे किंवा वापरणे यावर आहे. त्यामुळे संगणक वापरण्याचा अधिकार असलेला कर्मचारीही त्यात अडकू शकतो. पीडित कंपनीला दिवाणी दावाही लावता येतो. संकेतस्थळ एका राज्यात, सर्व्हर दुसऱ्या आणि वापरणारा तिसऱ्या राज्यात असेल, तर एकाहून अधिक राज्ये आपला अधिकार सांगू शकतात.

केंद्रीय कायद्याने हा गोंधळ मिटत नाही?

मिसुरी प्रकरणाच्या चारच महिने आधी, जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘व्हॅन ब्युरेन’ खटल्यात केंद्रीय कायद्याची कक्षा आखून दिली. जॉर्जियातील एका पोलीस सार्जंटने पैसे घेऊन वाहन क्रमांकाची माहिती काढली होती. ती पाहण्याचा त्याला अधिकार होता, हेतू चुकीचा होता. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, या कायद्यापुरता प्रश्न दार उघडे होते की बंद, एवढाच. मे २०२२ मध्ये अमेरिकी न्याय विभागानेही सद्हेतूने सुरक्षा संशोधन करणाऱ्यांवर या कायद्याखाली खटले न भरण्याचे धोरण जाहीर केले. पण यातले काहीही राज्यांच्या कायद्यांना लागू नाही. तिथले सरकारी वकील आपापल्या विधिमंडळाने लिहिलेल्या शब्दांवर चालतात.

जॉर्जियात काय झाले?

तिथे तर उलट दिशेने पाऊल पडले होते. केनेसॉ स्टेट विद्यापीठातील निवडणूक केंद्राच्या सर्व्हरवर ६० लाखांहून अधिक मतदारांच्या नोंदी उघड्या असल्याचे एका संशोधकाने २०१६ मध्ये दाखवून दिले. त्याने केंद्रीय कायदा मोडला नसल्याचा निर्वाळा ‘एफबीआय’ने दिला. पुढे राज्यात चोरी किंवा नुकसान नसतानाही नुसता विनापरवानगी प्रवेश गुन्हा ठरवणारे विधेयक आले आणि २०१८ मध्ये ते संमत झाले. त्यात कंपन्यांना ‘सक्रिय बचावा’ची, म्हणजे संशयित हल्लेखोराच्या यंत्रणेत शिरण्याचीही वाट ठेवल्याची टीका झाली. सुरक्षा संशोधकांसोबत गूगल आणि मायक्रोसॉफ्टनेही विरोध केल्यावर ८ मे रोजी गव्हर्नर नेथन डील यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

भारतात स्थिती काय?

आपल्याकडे पोलीस राज्यांचे असले, तरी कायदा एकच आहे : केंद्राचा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. महाराष्ट्रात किंवा गोव्यात गुन्हा नोंदवला जातो तो त्याच कलमांखाली. कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात प्रवेश केल्यास भरपाई द्यावी लागते, मग हेतू काहीही असो. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ लागते. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वॉशिंग्टनप्रमाणे सुरक्षा संशोधनाला स्पष्ट सूट या दोन्ही कलमांत नाही. त्रुटी कळवण्यासाठी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेकडे व्यवस्था आहे. परंतु संबंधित कंपनीने पोलीस ठाणे गाठलेच, तर आपला हेतू कपटाचा नव्हता, हे आधी तपास अधिकाऱ्याला आणि गरज पडल्यास न्यायालयाला पटवून देण्याची वेळ त्रुटी शोधणाऱ्यावर येते.