‘गट’ चालतो, ‘ग्रुप’ अडतो

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा हिशेब गटावर चालतो. कारखान्याच्या कार्यक्षेत्रातली काही गावं मिळून एक गट, त्याचं गट ऑफिस, तिथला ॲग्री ओव्हरसियर, त्याच्या हाताखाली चिटबॉय. लागणीची नोंद, तोडणीचा प्रोग्राम, टोळी, वाहन, काट्यावरची पावती आणि शेवटी बिल, सगळीकडे गट क्रमांक लागतोच. त्यामुळे या कामासाठी कुणी ॲक्सेसमध्ये किंवा मायएसक्यूएलमध्ये छोटा प्रोग्राम लिहायला घेतला, की पहिलं टेबल गटांचं होतं. कॉम्प्युटरमध्ये नावं इंग्रजीत द्यायची ही आपल्याकडची रीत, म्हणून टेबलाचं नाव पडतं ‘ग्रुप’. आणि पहिल्याच क्वेरीला काम अडतं.

याचं कारण साधं आहे. डेटाबेसशी बोलायची जी भाषा आहे, एसक्यूएल, तिने ‘ग्रुप’ हा शब्द आधीच कामाला लावलेला आहे. गावागावाच्या उसाची बेरीज करायची तर ‘ग्रुप बाय गाव’ असं लिहावं लागतं. टेबलाचं नाव यायला हवं त्या जागी ‘ग्रुप’ दिसला की मशीनला तो आपलाच हुकूम वाटतो आणि वाक्यरचना चुकली म्हणून ते तक्रार करतं. अशा शब्दांना राखीव शब्द म्हणतात. चप्पल लाईनमधल्या दुकानदाराने गिऱ्हाइकांच्या मागण्यांचं टेबल ‘ऑर्डर’ नावाने केलं तर त्याचीही हीच गत होते, कारण यादी क्रमाने लावायला ‘ऑर्डर बाय’ लागतं. ॲक्सेसमध्ये खात्याचा ‘पासवर्ड’ साठवायला त्याच नावाचा रकाना केला तर नवी नोंद घालताना ‘इन्सर्ट इन्टू’च्या वाक्यात चूक आहे, एवढाच संदेश येतो. कोणत्या शब्दाने घोळ केला ते तो सांगत नाही. माणूस मग स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं तपासत बसतो आणि खरा अपराधी डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

यावर तात्पुरता इलाज प्रत्येक सॉफ्टवेअरने दिलेला आहे. ॲक्सेसमध्ये असं नाव चौकटी कंसात टाकायचं. मायएसक्यूएलमध्ये टॅबच्या वर असतं ते उलटं एकेरी अवतरणचिन्ह दोन्ही बाजूंना द्यायचं. प्रमाण एसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरण. कंस घातला की शब्द हुकूम राहत नाही, नाव होतो. पण हा कंस प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक रिपोर्टात, न चुकता घालावा लागतो, आणि प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती गेला की एखाद्या ठिकाणी तो राहून जातोच.

म्हणून काही जण ‘ग्रुप’चं अनेकवचन करून मोकळे होतात, ‘ग्रुप्स’. बरीच वर्षं हे ठीक चाललं. पण २०१८ साली मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती आली आणि तिने ‘ग्रुप्स’ही राखीव केला. सोबत ‘रँक’सुद्धा गेला, म्हणजे गुणवत्ता यादीचा अगदी हक्काचा रकाना. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेले प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चढवल्याबरोबर बंद पडायचे. प्रोग्राममधलं एक अक्षर कुणी बदललेलं नसायचं. बदललेली असायची ती खालची भाषा.

आपल्या भागात हा विषय परका नाही. १९९८ साली वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रं उभी राहिली आणि उसाची नोंद, तोडणी, वजन यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने याच भागात, हे काम कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर करता येईल का, याचा प्रयोगही केला. नव्वदच्या दशकात देशभरातल्या लहानमोठ्या कचेऱ्यांत फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सुळसुळाट होता. फॉक्सप्रोचा एक नियम मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण त्यात कसलाही एरर येत नाही.

समजा बिलांच्या टेबलात ‘दर’ नावाचा रकाना आहे. प्रोग्रामने वापरणाऱ्याला नवा दर विचारला आणि तो ‘दर’ याच नावाच्या चलात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ठेवला. मग हुकूम दिला: सगळ्या नोंदींत दर बदला, दराने. फॉक्सप्रोमध्ये रकाना आणि चल यांचं नाव एकच असेल तर मान रकान्याला मिळतो. म्हणजे प्रत्येक नोंदीतला जुना दर उचलून त्याच नोंदीत परत ठेवला जातो. स्क्रीनवर इतक्या नोंदी बदलल्या असा आकडा येतो, मन निर्धास्त होतं, आणि बिलं मात्र जुन्याच दराने निघतात. चलाच्या आधी ‘एम’ आणि एक टिंब दिलं असतं तर हे टळलं असतं. माझ्या मते राखीव शब्दाने घातलेला अडथळा परवडतो, कारण तो तोंडावर सांगतो. नावांची ही मुकी टक्कर जास्त महाग पडते.

शब्द राखीव होतो तो काही कारणाने, हेही पाहायला हवं. ‘कॉन’ नावाचा फोल्डर जगात कुणालाही बनवता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला आणि मायक्रोसॉफ्टकडेही याचं उत्तर नाही, असा ईमेल आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरत होता. उत्तर आहे आणि ते चांगलं सरळ आहे. १९८१ सालच्या एमएस-डॉसमध्ये कीबोर्ड-स्क्रीन, प्रिंटर आणि पोर्ट यांना फाइलसारखी नावं दिली होती: ‘कॉन’, ‘पीआरएन’, ‘ऑक्स’, ‘नल’, ‘कॉम-वन’, ‘एलपीटी-वन’. त्या वेळी फोल्डर हा प्रकारच नव्हता. तो १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. नावं आधी आणि फोल्डर नंतर, म्हणून जुने प्रोग्राम मोडू नयेत यासाठी ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव धरली गेली. विंडोजने तो वारसा पुढे चालवला.

या व्यवस्थेचा उपयोग ज्याने वजनकाट्यावर काम केलं आहे त्याला सांगायला नको. काट्याच्या डिजिटल इंडिकेटरवरचा आकडा सीरियल पोर्टमधून कॉम्प्युटरमध्ये येतो. बेसिकमध्ये एखादी फाइल उघडावी तसं ‘कॉम-वन’ उघडायचं आणि वजन वाचून घ्यायचं. पावतीची फाइल ‘पीआरएन’वर कॉपी केली की डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खरखर करत ती छापून देतो. ड्रायव्हर, खिडक्या, बटणं, काही नको. शब्द अडवून ठेवला होता तो या सोयीसाठी.

एक्सेलमध्ये अडवणूक वेगळ्या वाटेने येते. तिथे सेलच्या एखाद्या पट्ट्याला नाव देता येतं, पण ते नाव सेलच्या पत्त्यासारखं दिसता कामा नये. कोल्हापूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याने आपल्या गाड्यांच्या यादीला ‘एमएच०९’ असं नाव द्यायचं ठरवलं, तर २००३ च्या एक्सेलने ते खुशाल घेतलं असतं. त्या वेळी रकाने २५६ होते, शेवटचा ‘आयव्ही’. २००७ च्या आवृत्तीत रकाने १६,३८४ झाले आणि त्यात ३४६ वा रकाना ‘एमएच’ या अक्षरांचा निघाला. आता ‘एमएच०९’ म्हणजे त्या रकान्यातली नववी ओळ. सांगलीचा १० आणि साताऱ्याचा ११ यांचीही तीच कथा. जुनी फाइल नव्या स्वरूपात आणताना एक्सेल अशा नावाआधी खालची रेघ जोडतं. ते सूत्रांत आपोआप बदल करतं, पण मॅक्रोमध्ये अवतरणात लिहिलेलं जुनं नाव तसंच राहतं आणि तिथे मॅक्रो बंद पडतो.

शाळांत तर याहून मजेशीर अनुभव येतो. शिक्षकाने विषयवार शीट केली: मराठी, हिंदी, इंग्लिश, मॅथ्स. ‘हिस्टरी’ला एक्सेल नकार देतं. कारण, फाइलमध्ये कुणी काय बदल केले याची यादी एक्सेल स्वतः त्याच नावाच्या शीटवर काढतं. देवनागरीत ‘इतिहास’ लिहिलं की शीट तयार.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्रीचं काम मोठं. पॅटर्नची ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये होतात आणि तेच तेच काम वाचवायला कुणीतरी ऑटोलिस्पमध्ये छोटे रूटीन लिहितो. ही भाषा १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे. पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हा कोन साठवायला लिहिणाऱ्याने ‘अँगल’ नावाचं चल घेतलं आणि त्यात ४५ किंवा २, जो काही आकडा असेल तो, घातला. पण ‘अँगल’ हे ऑटोलिस्पचं स्वतःचं फंक्शन आहे. दोन बिंदू दिले की त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन ते काढून देतं. या भाषेत फंक्शन आणि चल यांची नावं एकाच कप्प्यात राहतात. त्यामुळे चलात ४५ घातले त्या क्षणी फंक्शन पुसलं गेलं. रूटीन स्वतः नीट चालतं. थोड्या वेळाने त्याच ड्रॉइंगवर दुसऱ्याचं, आजवर कधी न बिघडलेलं रूटीन चालवलं की ‘बॅड फंक्शन: ४५’ असा संदेश येतो. दोष एकाचा, नाव दुसऱ्याचं. ड्रॉइंग बंद करून पुन्हा उघडलं की सगळं जागेवर, म्हणून हा रोग पकडायला आणखी वेळ जातो.

इलाज फंक्शनच्या पहिल्याच ओळीत आहे. कंसात तिरकी रेघ देऊन तिच्यापुढे आपली चलं लिहिली की ती त्या फंक्शनपुरती राहतात आणि काम झालं की जुना अर्थ परत येतो. तरीही ‘अँगल’ऐवजी ‘कोन’ असं रोमन लिपीत लिहिलेलं बरं. जाडीसाठी ड्रॉइंगवर सर्रास ‘टी’ लिहितात. ऑटोलिस्पमध्ये ‘टी’ म्हणजे ‘खरं’, त्यामुळे तेही टाळावं. लेयरचं नाव ‘डेफपॉइंट्स’ असेल तर त्यावरची रेघ स्क्रीनवर दिसते आणि प्रिंटवर येत नाही, हे तर प्रत्येक ड्राफ्ट्समनला एकदा तरी भेटलेलं आहे.

छापखान्यात पानं लावणाऱ्यांना याच गोष्टीचं सभ्य रूप भेटतं. इनडिझाइनला ॲपलस्क्रिप्ट, जावास्क्रिप्ट आणि व्हिज्युअल बेसिक अशा तीन भाषांतून कामाला लावता येतं. चौकट काढून टाकायचा हुकूम ॲपलस्क्रिप्ट आणि बेसिकमध्ये ‘डिलीट’ आहे, जावास्क्रिप्टमध्ये मात्र ‘रिमूव्ह’. पीडीएफ काढायला तिकडे ‘एक्सपोर्ट’, इकडे ‘एक्सपोर्टफाइल’. ‘डिलीट’ आणि ‘एक्सपोर्ट’ हे दोन्ही शब्द जावास्क्रिप्टने राखून ठेवलेले, म्हणून ॲडोबीने आपणच बाजूला सरकून दुसरी नावं घेतली. एका भाषेतली स्क्रिप्ट दुसरीत उतरवताना हे ठाऊक नसेल तर दुपार जाते. ॲपलस्क्रिप्टमध्ये आणखी एक मेख आहे. १९९३ पासूनच्या या भाषेत प्रत्येक ॲप आपला शब्दकोश घेऊन येतं. ‘टेल’ म्हणून इनडिझाइनशी बोलायला लागलो की ‘स्टोरी’, ‘पेज’, ‘लेबल’ हे त्याचे शब्द होतात. त्या घेऱ्याबाहेर ते मोकळे असतात. आत असतानाही आपलंच नाव हवं असेल तर दोन उभ्या दांड्यांमध्ये लिहायचं.

इतकं पाहिल्यावर माझं मत असं बनलं आहे की कोल्हापुरात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्याने नावं मराठी ठेवावीत, अक्षरं हवी तर रोमन. गट, टोळी, खेप, वजन, दर, पावती. हे शब्द कोणत्याही भाषेने राखून ठेवलेले नाहीत आणि शेती खात्यातल्या माणसाला विचारायला गेलं तर तोही हेच शब्द बोलतो. पूर्ण निर्धास्त मात्र राहू नये. ‘टन’ रोमनमध्ये लिहिताना पुष्कळ जण त्यात ‘ए’ घालतात आणि ते बेसिकचं त्रिकोणमितीतलं ‘टॅन’ होतं. ‘मोड’ हा तर बेसिकचा बाकी काढायचा हुकूमच. शिवाय फॉक्सप्रोच्या दरासारखी आपल्याच दोन नावांची टक्कर मराठीनेही टळत नाही. म्हणून चलाच्या आधी एखादं ठरावीक अक्षर लावायची शिस्त कधीही चांगली.

देवनागरीत नावं द्यायची सोयही आहे. एक्सेलच्या मॅक्रोच्या एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, पण २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये ‘वजन’ हे चल देवनागरीत लिहून चालतं, आणि लिब्रेऑफिसला पायथॉनमधून चालवता येतं. पायथॉनचीही एक ठेच इथे सांगायला हवी. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत ‘असिंक’ हा शब्द राखीव झाला आणि तोच शब्द नावासाठी वापरणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या मोडल्या. पुढे २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत ‘मॅच’ आणि ‘केस’ हे शब्द हुकूम म्हणून हवे होते. या वेळी करणाऱ्यांनी ते सरसकट राखून न ठेवता, वाक्यात विशिष्ट जागी आले तरच हुकूम मानायचं ठरवलं. त्यामुळे खासबाग मैदानातल्या कुस्त्यांची नोंद ठेवायला कुणी २०१५ साली पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहून त्यात ‘मॅच’ नावाचं चल घेतलं असेल, तर ते त्या शब्दावरून आजही अडणार नाही.