किल्लारी : तेरणाकाठचे जुने गाव आणि नवे गाव

किल्लारी हे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसलेले मोठे खेडे. लातूरहून औसा, लामजना करीत उमरग्याकडे निघालेल्या रस्त्यावर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला ते लागते. थोडे पुढे गेले की धाराशिव जिल्ह्याची हद्द. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी तेरणा प्राचीन तगर, म्हणजे आजच्या तेर गावावरून वाहत या भागात येते आणि पुढे मांजरा नदीला मिळते. शिवार काळ्या कसदार जमिनीचे. पूर्वी ज्वारी आणि तूर ही इथली मुख्य पिके होती. आता सोयाबीन आणि पाण्याच्या सोयीनुसार ऊस वाढला आहे.

हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आला. 1982 मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला आणि किल्लारी लातूरकडे आली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी या गावाचे नाव जगभर पोहोचले.

जुनी किल्लारी दाट वस्तीची होती. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती काळ्या दगडाच्या, दगडांना धरून ठेवणारा गारा साध्या मातीचा. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला, मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. वर लाकडी तुळया, त्यांवर किलचन आणि किलचनावर मातीचे जाड माळवद. गळती लागली की माळवदावर आणखी माती टाकायची, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. उन्हाळ्यात अशी घरे गार राहत, थंडीत उबदार. मराठवाड्याच्या हवेला याहून सोयीचे घर शोधून सापडले नसते. पण डोक्यावरचे ओझे पिढीगणिक वाढत गेले.

ऑगस्ट 1992 पासून गावाला लहान धक्के जाणवू लागले. त्यांतला एक मोठा धक्का 18 ऑक्टोबर 1992 रोजी बसला. जमिनीतून गडगड ऐकू येई, भांडी वाजत, लोक बाहेर धावत. पुढे धक्के थांबले. घरे मात्र होती तशीच राहिली.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मोठा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकती अंथरुणाला टेकली होती. साधारण 6.2 तीव्रतेचा हा धक्का फार खोलवरून आलेला नव्हता, त्यामुळे त्याचा जोर वर भयंकर जाणवला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणात ढिगाऱ्यात गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या जवळपास माणसे मरण पावली. बहुतेकांचे प्राण भिंतींच्या आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेले. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा काही ठिकाणी उभा राहिला आणि त्याखालची माणसे वाचली. कोणती घरे पडली आणि कोणती टिकली, याचा अभ्यास पुढे घरबांधणीला फार उपयोगी पडला.

शास्त्रज्ञांनाही हा भूकंप अनपेक्षित होता. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई आणि भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. किल्लारीच्या पश्चिमेला शेतांमध्ये जमीन उचलली गेली, भेगा पडल्या. त्यानंतर इथे 617 मीटर खोल संशोधन-विहीर खणण्यात आली. सुमारे 338 मीटर जाडीचा काळा बेसाल्ट आणि गाळाच्या खडकाचा पातळ थर ओलांडल्यावर तिला अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. माकणीच्या निम्न तेरणा धरणातील पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळाली का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. 2002 मध्ये देशाच्या भूकंप नकाशातून पहिला विभाग काढून टाकला गेला आणि लातूर परिसर तिसऱ्या विभागात आला.

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेच्या मदतीने मोठा प्रकल्प राबवला गेला. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली, त्यांत किल्लारी एक. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 750, असे माप ठरले. घरे मजबूत झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले. मात्र वाड्याची पडवी, धान्याचे बळद आणि गुरांची जागा या मापात कुठेच बसत नव्हती. शेतकऱ्याचे घर आखताना त्याच्या गुरांचा विचार राहून जावा, ही या योजनेतली मोठी उणीव होती. एकमेकांना लागून राहणारी भावकी दूरदूरच्या गल्ल्यांत विखुरली. पुढे लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे घरांना पत्र्याच्या पडव्या आणि खोल्या जोडल्या. अनाथ झालेल्या व संकटात सापडलेल्या मुलांसाठीही काम झाले: भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना पुण्याजवळ वाघोली इथे नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली.

जुन्या गावठाणाच्या बाजूला भूकंपबळींचा स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी 30 सप्टेंबरला तिथे शासनाच्या वतीने मानवंदना दिली जाते, नातेवाईक फुले वाहतात. नीळकंठेश्वराचे पुरातन मंदिर हे गावाचे श्रद्धास्थान असून महाशिवरात्रीला तिथे भाविकांची गर्दी होते. गावाच्या नावाने ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना बरीच वर्षे बंद होता, अलीकडे तो पुन्हा सुरू झाला. लातूर-उमरगा रस्त्यामुळे नव्या किल्लारीत बाजारपेठ वाढली असून, भोवतालच्या खेड्यांतली माणसे खरेदीला, दवाखान्याला आणि शाळेसाठी इथे येतात.